पोलो जीटी की जॅझ : जुनी छोटी गाडी कशी निवडावी

चार मीटरच्या आत बसणारी जुनी गाडी घ्यायची ठरली, की बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला पिकअप हवा असतो, घाटात दम न खाता चढणारी आणि वळणावर रस्ता न सोडणारी गाडी हवी असते. दुसऱ्याला मोठी डिकी, मागे ऐसपैस जागा आणि वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालणारे इंजिन हवे असते. हे मोघमपणे सोडवायला गेले तर वाद संपत नाही, म्हणून मी दोन ठरावीक गाड्या समोर ठेवतो : फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि होंडा जॅझ. पोलो २०२२ मध्ये आणि जॅझ २०२३ मध्ये भारतात बंद झाली, त्यामुळे आता या दोन्ही गाड्या जुन्या बाजारातच मिळतात आणि वर्ष, रनिंग, अवस्था पाहून त्यांच्या किमती बऱ्याचदा एकाच पट्ट्यात येऊन थांबतात. माझ्या धाकट्या भावासमोर नेमका हाच पेच होता आणि त्याच्यासोबत दोन महिने गाड्या पाहताना जे हाती लागले, ते येथे सविस्तर लिहितो.

कागदावर या दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. आपल्याकडे चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला करात सवलत असल्याने दोन्ही कंपन्यांनी गाडी त्याच चौकटीत बसवली. पोलोची लांबी ३,९७१ मिलिमीटर, जॅझची ३,९५५. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयचे इंजिन १,१९७ सीसीचे, तर २०१५ मध्ये आलेल्या जॅझचे १,१९९ सीसीचे. फरक आहे तो या आकाराचे काय केले यात. पोलोच्या इंजिनाला टर्बो आहे, त्यामुळे ते १०५ पीएस शक्ती आणि १७५ एनएम टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते. जॅझचे साधे इंजिन ९० पीएस आणि ११० एनएम देते. या आकड्यांतला खरा मुद्दा टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर मिळतो हा आहे. पोलोला तो पूर्ण टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच मिळू लागतो, जॅझला त्यासाठी ४,८०० आरपीएमपर्यंत जावे लागते. म्हणूनच चार माणसे आणि सामान घेऊन ताम्हिणीचा चढ चढताना पोलो आवाज न वाढवता पुढे सरकते, तर जॅझला गिअर खाली घेऊन इंजिन ओरडू द्यावे लागते. त्यात जॅझचे काही बिघडत नाही, ते इंजिन त्यासाठीच बनवलेले आहे. पण चालवणाऱ्याला सवय करून घ्यावी लागते.

आधी रस्त्यांचा हिशोब

गाडी पाहायला बाहेर पडण्यापूर्वी वही घ्यावी आणि गेल्या वर्षात आपण कोणत्या रस्त्यावर किती वेळा गेलो हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. भाऊ कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीत आणि आईवडील चिपळूणला. त्याच्या मनातली गाडी ताम्हिणी घाटात धावत होती. वहीत मात्र असे निघाले, की रोजचे जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे ८,००० किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच्या गर्दीत; आणि चिपळूणच्या पाच फेऱ्या, प्रत्येक फेरी जाऊन-येऊन चारशेच्या आसपास, म्हणजे २,००० किलोमीटर. त्या दोन हजारांतही प्रत्यक्ष घाटाचा रस्ता थोडाच. हा हिशोब पाहून स्पोर्टी गाडीचा विचार सोडलाच पाहिजे असे मुळीच नाही. वर्षातल्या त्या पाच फेऱ्यांमध्ये मिळणारा आनंद एखाद्याला इतका मोलाचा वाटत असेल, की त्यासाठी उरलेले अडीचशे दिवस थोडी गैरसोय चालेल, तर तो निर्णय योग्यच आहे. फक्त तो वही समोर ठेवून घेतलेला असावा, टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांत घेतलेला नसावा.

त्याच वहीत इंधनही मांडावे. कंपनीच्या प्रमाणित आकड्यांनुसार जीटी टीएसआय लिटरला १७.२ किलोमीटर आणि जॅझ मॅन्युअल १८.७ किलोमीटर देते, पण शहरातल्या गर्दीत हे आकडे कोणालाच मिळत नाहीत. मी हिशोबासाठी पोलोला ११ आणि जॅझला १४ धरतो. वर्षाला १०,००० किलोमीटर धरले तर पोलोला सुमारे १९५ लिटर पेट्रोल जास्त लागते आणि लिटरला १०५ रुपये धरले तर ते वर्षाला २०,००० रुपयांच्या घरात जाते. रनिंग याच्या निम्मे असेल तर फरकही निम्मा होतो आणि मग अ‍ॅव्हरेज हा मुद्दा निर्णायक राहत नाही.

यानंतर मागच्या सीटचा विचार, आणि तो घरातल्या ज्येष्ठांना प्रत्यक्ष बसवूनच करावा. आमच्या आईचे गुडघे दुखतात. पोलोच्या मागच्या दारातून आत जाताना तिने एक पाय आत ठेवला, मग मान वाकवून छताच्या कडेला हात धरला, आणि दुसरा पाय आत घेण्यासाठी तिला तो हाताने उचलावा लागला. बसल्यावर गुडघे पुढच्या सीटला टेकले. जॅझमध्ये दार उंच आणि रुंद असल्याने ती वळून आधी सीटवर टेकली आणि दोन्ही पाय एकदमच आत घेतले. कोणत्याही माहितीपत्रकात ही गोष्ट नसते. ज्या घरात मागे रोज कोणी ज्येष्ठ बसणार आहे, तेथे माझ्या मते पोलोचा विचार येथेच थांबवावा. ज्या घरात मागे लहान मुले किंवा फक्त लॅपटॉपची बॅग बसणार आहे, तेथे ही अडचण उरत नाही.

डिकीचा फरक आकड्यांत २८० लिटर विरुद्ध ३५४ लिटर असा आहे, पण आकड्यापेक्षा रचना महत्त्वाची. जॅझची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली नसून पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे मागच्या सीटची बैठक वर उचलून पाठीला टेकवता येते आणि जमिनीपासून छतापर्यंत उभी मोकळी जागा मिळते. आंब्याचे उंच कलम, पुढचे चाक काढलेली सायकल किंवा गणपतीची मूर्ती आडवी न करता तेथे उभी नेता येते. मात्र ही सोय सगळ्या जॅझमध्ये नाही. ती वरच्या व्हीएक्स व्हेरिएंटमध्ये होती आणि २०१८ च्या बदलानंतर काढून टाकली गेली. केवळ या सीटसाठी जॅझ घेणार असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता बैठक स्वतःच्या हाताने उचलून पाहावी.

जीटी पाहायला जाताना

स्पोर्टी जुन्या गाडीत तीन प्रश्न असतात : ती खरोखर तीच गाडी आहे का, आधीच्या मालकाने तिला कसे वागवले, आणि तिचा सर्वांत महागडा भाग कोणत्या अवस्थेत आहे.

पहिला प्रश्न विचित्र वाटेल, पण ‘जीटी’ आणि ‘टीएसआय’ ही अक्षरे बाजारात सुटी मिळतात आणि साध्या पोलोवर चिकटवलेली दिसतात. ओळखण्याची पक्की पद्धत अशी. १.२ टीएसआय इंजिनाची पोलो भारतात फक्त सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकमध्येच आली, त्यामुळे २०१३ ते २०२० दरम्यानची पेट्रोल जीटी आणि तिला क्लचचे पेडल दिसले, तर ती साधी पोलो आहे. आरसी बुकवर सीसी आणि सिलिंडरची संख्या पाहावी. टीएसआय १,१९७ सीसीची आणि चार सिलिंडरची, तर साधे १.२ इंजिन १,१९८ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. एका सीसीच्या फरकाने फसगत होऊ शकते, सिलिंडरच्या आकड्याने होत नाही. २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाबाबतच्या बीएस-६ नियमांबरोबर टीएसआय इंजिनच बदलले. नवे ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस आणि तोच १७५ एनएम टॉर्क असलेले आहे. साध्या १.० इंजिनाचीही सीसी तेवढीच आणि सिलिंडरही तेवढेच, त्यामुळे तेथे गिअर लिव्हर पाहावा. मॅन्युअल टीएसआयला सहा गिअर आहेत, साध्या गाडीला पाच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गाडीच देते. टर्बो इंजिन तेलावर जगते, म्हणून दरवर्षी तेल बदलल्याची बिले सलग हवीत. मधली दोन वर्षे गायब असतील आणि ‘बाहेर ओळखीच्या गॅरेजमध्ये केली’ एवढेच उत्तर मिळाले, तर मी ती गाडी सोडून देतो. एअर फिल्टरचा डबा, सायलेन्सर आणि सस्पेन्शन कंपनीचेच आहे का हे पाहावे. ज्याने पिकअप वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून घेतले आहेत, त्याने ती ताकद वापरलीही असणार. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का, आतल्या कडेला जास्त झिजले आहेत का, आणि बाजूला फुगा आला आहे का, हे हात फिरवून तपासावे. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का तो कधी बनला हे सांगतो : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी, रीडिंग २८,००० आणि टायर मात्र २०२३ चे असतील, तर रीडिंग मागे फिरवले असण्याची शक्यता धरून चालावे आणि सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागावी.

तिसरा प्रश्न डीएसजीचा आहे आणि १.२ टीएसआय घेणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ यालाच द्यावा. या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच आहेत आणि त्यांना हलवणारे एक इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक यंत्र आहे, ज्याला सगळे मेकॅनिक मेकॅट्रॉनिक म्हणतात. महामार्गावर हा गिअरबॉक्स सुरेख चालतो, पण उन्हाळ्यात इंचाइंचाने पुढे सरकणारी गर्दी त्याला सोसत नाही. क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. हे यंत्र गेले तर खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेऊन काहीही कळत नाही. एका विक्रेत्याकडे आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी दारात चालू करून ठेवलेली होती आणि बॉनेट गरम होते. आम्ही चहा घेऊन तासाभराने परत आलो, गाडी बंद ठेवायला सांगितली आणि मग ती सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नेली. रॅम्पवर रिव्हर्स टाकून ब्रेकवरचा पाय सोडला, तेव्हा गाडी क्षणभर मागेपुढे थरथरली, मग एकदम झटक्याने वर गेली. मोकळ्या रस्त्यावर ही गाडी निर्दोष वाटली होती. आपणही हेच करावे : थंड गाडी, रॅम्प, डी आणि रिव्हर्समध्ये आलटून पालटून, आणि त्यानंतर किमान वीस मिनिटे खऱ्या गर्दीत. पहिल्याचा दुसरा गिअर पडताना थरथर, गिअर पडायला उशीर किंवा डॅशबोर्डवर गिअरची अक्षरे लुकलुकणे, यांपैकी काहीही दिसले तर किमतीत घासाघीस करण्यातही अर्थ नाही. सगळे ठीक वाटले तरी स्कॅनर लावून साठलेले एरर कोड वाचून घ्यावेत, आणि ते विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नको.

या कारणाने माझे स्पष्ट मत असे आहे, की स्पोर्टी गाडी घ्यायचीच असेल आणि रोजचा रस्ता गर्दीचा असेल, तर २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय मॅन्युअल शोधावी. आवाज थोडा खरखरीत येतो, पण त्यात डीएसजीचा घोर नाही आणि खेच पुरेपूर आहे. २०२० नंतर याच इंजिनासोबत आलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिकही वेगळ्या, टॉर्क कन्व्हर्टर जातीचा (कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पुढे नेणारा) आहे आणि गर्दीला अधिक सोशिक आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत पोलोबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी : गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०१४ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. त्यामुळे जुन्यातली साधी पोलो कोणी स्वस्तात देऊ केली, तर आधी स्टीअरिंगवर आणि डाव्या डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण शोधावी.

जॅझची तपासणी तुलनेने लवकर होते. इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स टिकाऊ आहेत. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) ऑटोमॅटिक असेल तर त्याचे तेल वेळेवर बदलल्याचे बिल पाहावे आणि हळूहळू वेग वाढवताना गुणगुणणारा आवाज येतो का हे काच वर करून, रेडिओ बंद ठेवून ऐकावे. होंडाने २०१८ च्या सुमाराच्या गाड्यांचा फ्युएल पंप बदलून देण्याची मोहीम २०२० मध्ये काढली होती. आपण पाहत असलेली गाडी त्यात येते का आणि काम झाले आहे का, हे चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येते. जॅझचे पोट खाली आहे, म्हणून भरल्या गाडीने स्पीडब्रेकरवर घासल्याच्या खुणा खालून पाहाव्यात. ज्यांचे रनिंग खरोखरच जास्त आहे, त्यांनी १०० पीएसची १.५ डिझेल जॅझही पाहावी. तिचा २०० एनएम टॉर्क घाटात जीटीलाही मागे टाकतो, पण इंजिनाचा आवाज केबिनमध्ये येतो.

दोन्ही गाड्यांच्या मध्ये बसणारी एक गाडी आहे आणि तिच्याकडे फार लोक वळत नाहीत : मारुती बलेनो आरएस. २०१७ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत मिळालेल्या या गाडीत १०२ पीएसचे टर्बो पेट्रोल इंजिन, मागेही डिस्क ब्रेक आणि ३३९ लिटरची डिकी आहे, गिअरबॉक्स मॅन्युअल आहे. स्टीअरिंगमध्ये पोलोचा ठामपणा नाही, पण आई मागे सुखाने बसते. या गाड्या मुळातच कमी विकल्या गेल्या, त्यामुळे चांगली मिळायला थांबावे लागते.

कागद आणि पैसे

ठरवलेले सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालू नयेत. जीटी घेताना एक लाख आणि जॅझ घेताना चाळीस हजार रुपये बाजूला ठेवावेत, असा माझा ठोकताळा आहे. हे पैसे बाजूला काढल्यावर जीटी आवाक्याबाहेर जात असेल, तर ती आपल्या आवाक्यात नाही असेच समजावे. हप्त्याने घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स पहिल्याच वर्षी गेला, तर हप्ता आणि दुरुस्ती एकाच महिन्यात अंगावर येतात.

कागदांत प्रथम आरसी बुकवर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. कर्ज फिटले असले तरी फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र आरटीओत देऊन बोजा उतरवलेला असला पाहिजे, तोंडी आश्वासन चालत नाही. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. शक्यतो महाराष्ट्राचेच पासिंग असलेली गाडी घ्यावी, कारण परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणून पुन्हा नोंदणी करावी लागते आणि येथील कर भरावा लागतो. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी या खर्चानंतर बहुधा स्वस्त राहत नाही. थकलेले ई-चलन गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन तपासावे आणि ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का हेही पाहावे.

विम्याच्या बाबतीत अनेक जण चुकतात. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तोवर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून ‘विम्यावर पन्नास टक्के सूट आहे’ हे वाक्य ऐकून किंमत वाढवून देऊ नये. उलट, आधीच्या वर्षांत बोनस शून्यावर आला असेल तर त्या वर्षी दावा झाला होता, असे त्या पॉलिसीवरूनच कळते. मग कोणता भाग दुरुस्त केला हे विचारावे आणि तेथील पेंट, बोल्टवरच्या पान्याच्या खुणा आणि दाराच्या फटी नीट न्याहाळाव्यात.

भावाने शेवटी २०१६ ची व्हीएक्स जॅझ घेतली. दुसऱ्या मालकाची, पण बिले सलग होती आणि मागची बैठक उचलली जात होती. ताब्यात घेताना त्याने डिलिव्हरी नोट दोन प्रतींत करून घेतली आणि तीवर रीडिंग, दोन्ही चाव्या मिळाल्याची नोंद, तारीख आणि वेळही लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. त्याच दिवशी सकाळी साडेदहा वाजता झालेल्या सिग्नल तोडल्याच्या चलनाचा मेसेज आठवड्याने आला, तेव्हा नोटेवर लिहिलेली दुपारी तीनची वेळ दाखवून ती रक्कम विकणाऱ्याकडून भरून घेता आली.